ली बाईचा चंद्र की दू फूचा?

भाची चिनी शिकतेय. चंद्र आणि घराची ओढ असलेली एकच कविता पाठ करायचीय, कुठली करू, म्हणून विचारत होती. उमेदवार दोन, दोघेही चीनच्या थांग राजघराण्याच्या काळातले कवी: ली बाई (नावावर जाऊ नका, बुवाच तो) यांची ‘शांत रात्रीचा विचार’ आणि दू फू यांची ‘चांदरात’.

पाठांतराला ली बाई सोपे. अवघी 20 अक्षरं. चीनमधली शाळकरी पोरंही घडाघडा म्हणतात. दू फूंची 40, शब्दही अवघड.

चंद्राचं काम मात्र अगदी वेगळं. ली बाईंना बिछान्यापुढचं चांदणं जमिनीवर पडलेलं हिव वाटतं. मान वर, चंद्र दिसतो. मान खाली, गाव आठवतं. संपलं. कुठलं गाव, कोण माणसं, काही नाही. म्हणूनच ती कुणालाही आपली वाटते.

दू फू 756 साली बंडखोरांच्या ताब्यातल्या छांगआन या राजधानीत अडकलेले, बायको-मुलं दूर फूचौला. ते स्वतःच्या चंद्राबद्दल बोलतच नाहीत. तिकडे ती एकटीच चंद्र बघत असेल, लेकरांना अजून कळतही नसेल, धुक्यानं तिचे केस ओलावले असतील, चांदण्यात हात गारठले असतील. पडद्यापाशी दोघांवर एकच चांदणं पडून आसवं कधी वाळतील? आठवण येते एकाला, चंद्र दिसतो दुसरीच्या डोळ्यांनी. मला हीच जास्त भिडते, आणि भाषांतरातही ही बरीच टिकते. ली बाईंची सपाट होते.

वसतिगृहात पहिली दिवाळी काढणाऱ्यानं ली बाई घ्यावेत. घरी कुणी वाट बघत असेल, तर दू फू. भाचीला सध्या 20 अक्षरंच पुरेत.