टाइमशेअर विकायचं की विमा? खान्देशात राहून ठरवणाऱ्यांसाठी

‘फिक्स पगार नाही, पण कमाईला लिमिट नाही’ अशी ऑफर जळगाव-धुळ्याच्या पोरांना दोन ठिकाणांहून हमखास येते. एक हॉलिडे मेंबरशिप, म्हणजे टाइमशेअर (एकदा मोठी रक्कम भरून पुढे वर्षानुवर्षं ठराविक दिवस रिसॉर्टमध्ये राहायचा हक्क) विकायची; दुसरी विम्याच्या एजन्सीची. दोन्हीकडे विकलं तरच पैसे. सारखेपणा जवळपास तिथेच संपतो.

टाइमशेअरचं काम चालतं असं. मॉलमध्ये किंवा पेट्रोल पंपावर लकी ड्रॉची चिठ्ठी भरून घेतात. मग फोन जातो, “सर, गिफ्ट लागलंय, मॅडमना घेऊनच या.” जोडीने यायची अट उगाच नसते, एकटा माणूस ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून सहज सुटतो. हॉटेलच्या हॉलमध्ये दीड-दोन तास ते जोडपं तुमच्या टेबलावर. गेल्या सुट्टीत कुठे गेलात, मुलं किती, रिसॉर्टचे फोटो, आणि शेवटी आकडा. ते नाही म्हणाले की मॅनेजर खुर्ची ओढून बसतो आणि ‘फक्त आजच्यापुरता’ दर काढतो. कार्ड स्वाइप झालं की हॉलभर टाळ्या.

टाळ्या लगेच वाजतात, कमिशन लगेच येत नाही. बऱ्याच ठिकाणी ते डाउन पेमेंट पूर्ण झाल्यावर किंवा काही ईएमआय भरल्यावर सुटतं, आणि मेंबरने रद्द केलं तर दिलेलं कमिशन पुढच्या हिशोबातून कापतात. समजा मेंबरशिप 4 लाखांची आणि तुमचे 4 टक्के, म्हणजे एका विक्रीचे 16,000. एका महिन्यात तीन विकल्या तर 48,000. जळगावात एवढा पगार कोण देतो? पुढच्या महिन्यात एकच विकली गेली आणि आधीची एक रद्द झाली, की हातात शून्य. वर पेट्रोल आपलंच.

विम्याचं गणित उलटं आहे. सुरुवात एवढी रडकी, की पहिल्या वर्षातच कित्येक जण सोडून देतात. दहावी पास, 25 तासांचं ट्रेनिंग, एक परीक्षा, आणि मग दारोदार. 25,000 वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी साधारण पाच हजार कमिशन धरा, पुढे दरवर्षी हजार-दोन हजारांच्या मध्ये, योजनेप्रमाणे कमीजास्त. पण हप्ता भरला जातोय तोवर हे पुढचं, म्हणजे रिन्यूअल कमिशन येत राहतं. एलआयसीत तर अटी पूर्ण असतील तर एजंटच्या पश्चात वारसालाही मिळतं. टाइमशेअरमध्ये मेंबर 25 वर्षं राहिला तरी तुमचा हिशोब सहसा पहिल्या विक्रीलाच मिटलेला असतो.

आता मुद्दा आपल्या भागाचा. टाइमशेअरचा माल बोगस आहे, असं माझं म्हणणं नाही. भारतात स्टर्लिंगची सुरुवात 1986 ची, महिंद्रा हॉलिडेजची 1996 ची. नेमाने फिरणाऱ्या कुटुंबाला मेंबरशिप परवडूही शकते. अडचण कॅलेंडरची. खान्देशी माणसाला सुट्टी हवी मे महिन्यात, भुसावळचा पारा 45 ला टेकतो तेव्हा, नाहीतर दिवाळीत. नेमकी तेव्हाच सगळ्या देशाला हवी असते, आणि स्वस्तातल्या मेंबरशिपमध्ये हा सीझन बसत नाही. शिवाय मेंबरने दरवर्षी भरायचा मेंटेनन्स. पारोळ्याचे एखादे आबा सगळं ऐकून घेतात आणि एकच विचारतात, “नही गयात तरी भरनं पडी का?” भरावंच लागतं. हे स्पष्ट सांगणाऱ्याची विक्री त्या टेबलावर बहुतेकदा मोडते, आणि न सांगणाऱ्याला आबा पुढच्या लग्नात मांडवात गाठतात.

म्हणून जळगाव, अमळनेर, शहाद्यात राहून, नात्यागोत्यात फिरून टाइमशेअर विकणं मला पटत नाही. इथे गिऱ्हाईक संपतं लवकर आणि नाराजी टिकते फार. विम्यात तीच ओळखपाळख कामी येते; क्लेमच्या वेळी धावून गेलात तर त्या गल्लीतल्या पुढच्या चार पॉलिसी आपोआप तुमच्याकडे येतात. अर्थात चुकीची पॉलिसी गळ्यात मारणारे तिथेही आहेत.

गिऱ्हाइकाला माघार घेता येते का, हेही पाहा, कारण त्यावर तुमचं कमिशन टांगलेलं असतं. विम्यात पॉलिसी परत करायला 30 दिवस मिळतात. टाइमशेअरसाठी भारतात वेगळा कायदाच नाही. करारात जेवढे दिवस लिहिलेत तेवढे, आणि भांडण झालं तर ग्राहक आयोग. युरोपीय संघात 14 दिवसांची मुदत आहे आणि त्या काळात आगाऊ पैसे घ्यायलाच बंदी आहे. आपल्याकडे त्याच दिवशी कार्ड स्वाइप होतं.

मग टाइमशेअर विकायचं काम कोणी घ्यावं? ज्याचं लग्न-कर्ज व्हायचंय, सहा महिन्यांचा खर्च हाताशी आहे, आणि नाशिक, सुरत किंवा पुण्याला जायची तयारी आहे त्याने, तेही थोडा का होईना फिक्स पगार मिळत असेल तर. अनोळखी माणसाशी दोन तास बोलून व्यवहार पक्का करायची सवय दुसरीकडे इतक्या लवकर लागत नाही. गाडी, फ्लॅट, ठिबकचे संच, पुढे काहीही विकता येतं. घरची जबाबदारी असेल तर विमा, तोही दुसऱ्या कामाच्या जोडीने. बहिणी-वहिनींसाठी एलआयसीची विमा सखी योजना डिसेंबर 2024 पासून सुरू आहे: 18 ते 70 वय, दहावी पास, अटी पाळल्या तर पहिल्या वर्षी महिना 7,000, मग 6,000, मग 5,000 मानधन, कमिशन वेगळं.

टाइमशेअरच्या मुलाखतीला गेलात तर ऑफर लेटरवर ‘असोसिएट’ किंवा ‘कन्सल्टंट’ लिहिलंय का ते बघा. लिहिलं असेल तर पीएफ, ग्रॅच्युइटी बहुधा विसरा. आणि कमिशन परत कापायची अट किती महिन्यांपर्यंत लागू आहे, हे तोंडी नको, मेलवर मागा.