धाक की मोकळीक: पुणेरी घर आणि डच घर, दोन्हीकडे राहून

नेदरलँड्सहून परतायच्या तयारीत असलेले किंवा तिकडे निघालेले आईबाप भेटले की घरभाडं, शाळेचं माध्यम, सासू-सासऱ्यांचा व्हिसा हे विषय आधी होतात. मग आवाज जरा खाली येतो. जाणारे विचारतात, "तिकडे मुलं फार मोकाट सुटतात म्हणे, खरं का?" येणाऱ्यांचा प्रश्न उलटा. "इथल्या शाळेत टिकायचं तर आत्तापासून जरा आवळायला हवं का?" आम्ही आधी ॲमस्टरडॅमजवळ ॲमस्टलवीनला होतो, आता कोथरूडला आहोत. थोरला तिकडच्या प्राथमिक शाळेत शिकला, धाकटीचं बरंचसं इकडेच झालं. तेव्हा मत बनलंय, ते सांगतो. मोजमाप मात्र माझ्याकडे नाही. आमची दोन मुलं आणि जवळून पाहिलेली काही घरं, एवढ्याच भांडवलावर बोलतोय.

मानसशास्त्रज्ञ डायना बाउमरिंड यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेत बर्कलीला पालकांचे जे प्रकार पाडले (नुसता हुकूम सोडणारे, समजावून शिस्त लावणारे आणि सगळं चालवून घेणारे), ते हल्ली प्रत्येक पालकसभेत पडद्यावर दाखवतात. त्याची फोड करत बसत नाही. एक गोष्ट मात्र त्या सभेत सहसा राहून जाते. ती विभागणी झाली अमेरिकेतली घरं बघून. १९९४ मध्ये रूथ चाओ या संशोधिकेने चिनी घरांबद्दल लिहिताना नेमकं यावरच बोट ठेवलं. बाहेरच्याला जे घर निव्वळ हुकूमशाहीचं वाटतं, त्याच घरातल्या मुलाला त्या कडकपणात आपल्यासाठी खपणारी आई दिसत असेल, तर दोघांचा हिशेब एकाच खात्यात कसा मांडणार? आपल्या घरांनाही हे बऱ्यापैकी लागू पडतं. ओरडणारा बापच रात्री सायकलचं पंक्चर काढून ठेवतो, हे मुलाला माहीत असतं.

म्हणून "आपण कडक, ते सैल" ही मांडणी मला मान्य नाही. दोन्हीकडे कडकपणा आहे, त्याचं वय वेगळं आहे.

डच घर लहान मुलाच्या बाबतीत चांगलंच कडक असतं. सहाला जेवण, सात-साडेसातला अंथरूण. उन्हाळ्यात बाहेर लख्ख उजेड असला तरी पडदे ओढून. पाहुणे आहेत म्हणून वेळ हलत नाही, पाहुण्यांनीच काय ते समजून उठायचं. सारा हार्कनेस आणि चार्ल्स सूपर या संशोधकांनी डच आणि अमेरिकी बाळांची तुलना केली होती. सहा महिन्यांची डच बाळं दिवसाकाठी साधारण दोन तास जास्त झोपत होती. शाळेचंही तसंच. पाचव्या वर्षापासून शाळा सक्तीची, आणि विमानाचं तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून सुट्टीच्या आठवडाभर आधी मुलाला घेऊन भारतात निघालात तर प्रकरण दंडापर्यंत जातं. डिसेंबरातल्या तिकिटांवरून तिथल्या आपल्या मंडळींच्या घरात दरवर्षी रामायण होतं.

मग मूल वाढतं तशी दोरी सुटत जाते. दहा-बाराव्या वर्षी सायकलची परीक्षा होते, तीही खऱ्या रस्त्यावर, खऱ्या रहदारीत. त्यानंतर माध्यमिक शाळेत जाणं-येणं ज्याचं त्याने, पावसातसुद्धा. स्काउटच्या शिबिरात "ड्रॉपिंग" नावाचा प्रकार असतो. रात्री मुलांचा गट जंगलात नेऊन सोडायचा आणि त्यांनी वाट शोधत छावणीवर परत यायचं. मी हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी नातवाला जवळ ओढलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

आपल्याकडे सगळं उलट्या क्रमाने. पाच वर्षांच्या नातवामागे आजी वरणभाताची वाटी घेऊन सगळ्या खोल्या फिरते. रात्री अकराला तो सोफ्यावर उड्या मारत असतो आणि कुणाला काही वाटत नाही, "लहान आहे अजून." तोच मुलगा आठवीत गेला की खोलीचं दार उघडं ठेवायचं, मित्र कोण ते सांगायचं, क्लासहून यायला उशीर का ते सांगायचं. म्हणजे ज्या वयात त्याला जरा मोकळं व्हायचं असतं, नेमका त्याच वयात लगाम.

याला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं होईल. माथियास डोप्के आणि फाब्रिझिओ झिलिबोटी या अर्थशास्त्रज्ञांचं म्हणणं मला पटतं. जिथे विषमता जास्त आणि शिक्षणावर पुढचं सगळं अवलंबून, तिथे आईबाप मुलांना कष्ट शिकवायच्या मागे लागतात. जिथे अंतर कमी, तिथे कल्पकता, स्वतंत्रपणा वगैरे परवडतो. नीटला २० लाखांहून जास्त मुलं बसतात आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. अशा ठिकाणी बापाला रात्री झोप लागत नसेल तर तो काही वेडा नाही. तिकडेही बाराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सांगते की हे मूल पुढे कुठल्या प्रकारच्या शाळेत जाईल, आणि त्याचा ताण डच आईबापांनाही येतो. पण हाताने काम करणाऱ्याचं तिथे बरं चालतं. प्लंबरचा दर ऐकून मी नळाचा वायसर स्वतः बदलायला शिकलो.

आता मुलांवर काय परिणाम होतो ते. दोन्ही बाजूंना दाखवण्यासारखे कागद आहेत. युनिसेफने श्रीमंत देशांतल्या मुलांच्या खुशालीची तुलना केली त्यात २००७, २०१३ आणि २०२० या तिन्ही वेळा नेदरलँड्स पहिलं. हे ऐकून लगेच हुरळून जाऊ नका. ओईसीडी ही बहुतांशी श्रीमंत देशांची संघटना शाळकरी मुलांची जी पिसा चाचणी घेते, तिच्यात २०२२ला याच देशातल्या पंधरा वर्षांच्या मुलांचे वाचनातले गुण ४५९ होते, आणि ओईसीडी देशांची सरासरी ४७६. खूश मुलं, पण जवळजवळ एक तृतीयांश मुलांना साधा मजकूर नीट उलगडत नाही. थोरल्याबरोबरच्या मुलांत मी हे पाहत होतो. पुस्तकाला हात लावायची सक्ती कुणी करतच नव्हतं. मराठी वाचनासाठी आम्ही जी रोजची सक्ती केली ती तिथल्या शेजाऱ्यांना जाच वाटायची. मला आजही ती योग्य वाटते.

मग मार्कांसाठी धाक हवाच, असं कुणी म्हणेल. इथे सू यंग किम यांचा २०१३चा अभ्यास आडवा येतो. चारशे चव्वेचाळीस चिनी-अमेरिकी कुटुंबं, आठ वर्षं. वाघिणीसारख्या, म्हणजे मार्कांसाठी मुलांना सतत धाकात ठेवणाऱ्या आयांच्या मुलांचे मार्क मायेने पाठीशी राहणाऱ्या आईबापांच्या मुलांपेक्षा जास्त नव्हते, उलट कमी होते, आणि मन उदास असण्याचं प्रमाण जास्त. इथल्या ओळखीच्या घरांतही मला साधारण हेच दिसतं, पण माझी नजर आता निष्पक्ष राहिलेली नाही हेही खरं.

धपाट्याबद्दल फार लिहीत नाही. स्वीडनने १९७९ मध्ये आणि नेदरलँड्सने २००७ मध्ये तो घरातूनही कायद्याने हद्दपार केला. आपल्याकडे २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतली छडी गेली, घरचा हात अजून ज्याच्या त्याच्या मर्जीवर. "आम्ही नाही का मार खाल्ला, काय बिघडलं?" या प्रश्नाला थोडा आधार आहे. २००५ मध्ये भारतासह सहा देशांत झालेल्या अभ्यासात, जिथे मार देणं सर्रास आहे तिथे त्याचा दुष्परिणाम कमी दिसला. कमी दिसला, नाहीसा झाला नाही.

हे सगळं वाचून माझा निर्णय झालेला नाही. तो झाला एका क्षुल्लक कटकटीने.

परत आल्यावर प्रत्येकाचा सल्ला एकच होता, आता आवळा. आवळलं. मार्क घसरले की खेळ बंद, मोबाईल बंद. पहिल्या काही महिन्यांत घर शिस्तीत आलंय असं वाटलं. एकदा थोरल्याची पट्टी सापडत नव्हती म्हणून बायकोने त्याची कंपासपेटी उघडली. तळाच्या कागदाखाली चाचणीचा पेपर, चार घड्या घालून. वीसपैकी सात. पालकांच्या सहीच्या जागी तिची सही, आणि मागच्या कोऱ्या पानावर तीच सही पेन्सिलीने, एकाखाली एक, शेवटची बरीचशी जमलेली.

राग सातचा आला नाही आणि सहीचाही फारसा नाही. वैताग पुढे सुरू झाला. आता त्याच्या प्रत्येक उत्तराची खातरजमा करायची. "गृहपाठ झाला?" "झाला." म्हणजे दप्तर उघडून बघायचं. क्लासला गेला का, तर क्लासच्या सरांना फोन. उद्या काय आणायला सांगितलंय, तर आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारा. ऑफिसातून थकून आल्यावर हवालदाराची दुसरी पाळी. आणि एवढं करून कळायचं काहीच नाही. वर्गात कुणाशी भांडण झालं, बसमध्ये काय चाललंय, गणित नेमकं कुठे अडलंय, यातलं काही घरापर्यंत पोचेना. धाक असलेल्या घरात बातमी सगळ्यात शेवटी आईबापांना कळते, हे मला तेव्हा कळलं.

नंतर वाचताना दोन अभ्यास हाती लागले. हाकन स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० साली स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांबद्दल लिहिलं, की आईबापांना मुलांचं जे काही माहीत असतं ते पाळत ठेवून फार कमी, मुलांनी आपणहून सांगितल्यामुळेच जास्त. दुसरा व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांचा, २०११चा. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळा, एकीत मार देण्याची पद्धत, दुसरीत नाही. मुलाला पाठमोरं बसवून मागे खेळणं ठेवायचं, बघायचं नाही असं बजावून मोठ्यांनी बाहेर जायचं. चोरून बहुतेक मुलांनी बघितलं. पण मार मिळणाऱ्या शाळेतली तीन-चार वर्षांची मुलं जास्त खोटं बोलली, आणि जास्त सफाईने बोलली. कंपासपेटी डोळ्यांपुढे आली.

आम्ही शिक्षा काढून टाकल्या. झोपेची वेळ, वाचन आणि खोटं न बोलणं एवढ्यावर कडक, बाकी त्याचं त्याने बघायचं. मार्क फार वाढले असं सांगता येणार नाही. बातमी मात्र येते. मध्यंतरी मित्राची स्कूटर चालवली आणि कर्वे पुतळ्याजवळ घसरून पडला. लायसन्सचं वय नाही. घरी येऊन सोललेला गुडघा दाखवत हे त्याने स्वतःच सांगितलं. बोलणी खाल्ली, किल्लीला हात लावायचा नाही हेही ठरलं, पण फोन मला शेजाऱ्यांचा आला नाही.

मोकळ्या घराची कटकटही सांगायलाच हवी, नाहीतर मला पक्षपाती म्हणाल. तिथे प्रत्येक गोष्टीत घासाघीस. आंघोळ आत्ता का, भाजी तीच का, दादाला जास्त वेळ का. डच आईबाप हे सगळं कमालीच्या शांतपणे ऐकून घेतात, त्यांचं मला कौतुक वाटतं. आपल्या आवाजाची पट्टी तिसऱ्या "का"ला चढते. आणि नातेवाईक. धाकटीने दारातच माझ्या बहिणीला सांगितलं, "आत्या, पापी नको, मला आवडत नाही." ॲमस्टलवीनमध्ये याला समजूतदार मूल म्हणतात. आमच्याकडे गौरी जेवेपर्यंत त्यावर चर्चा चालली. आजोबांना "का?" विचारणं हा तर स्वतंत्र विषय आहे. सासू-सासरे सोबत राहत असतील तर हा खर्च धरूनच चाला.

थोडक्यात कुणाला काय झेपेल यावर आहे. घरात दोघांपैकी एकजण दुपारी असतो, मुलाचा स्वभाव मुळात भिडस्त नाही, आणि समोर एखादी प्रवेश परीक्षा ठाकली आहे, अशा घरात धाक चालून जातो, निदान ते वर्ष निभावतं. बाकीच्यांनी, विशेषतः दोघंही नोकरी करणाऱ्यांनी, मोकळ्या बाजूला झुकावं असं मला वाटतं. कारण अगदी व्यवहाराचं आहे. तपासणी करायला तुमच्याकडे वेळच नसतो.

सुरुवात कधी करायची याचंही बघा. मूल दहावीला असेल तर मार्च संपू द्या, मधेच घराची घडी बदलू नका. चार-पाच वर्षांचं असेल तर मात्र आजच झोपायची वेळ पक्की करा. आठच्या बातम्यांचा आवाज कमी करायला सासरेबुवांना सांगावं लागेल. ते काम जावयाने न करता लेकीकडे सोपवावं.