वाकड्या निबचं पेन घेऊन पुण्याच्या पेठांमध्ये: काही महिन्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्याआधी घेतलेलं फुदे निबचं फाउंटन पेन आता बऱ्यापैकी हाताळून झालंय, म्हणून सविस्तर लिहितेय. या निबचं टोक वर वाकवलेलं असतं. पेन उभं धरलं की बारीक रेघ, आडवं टेकवलं की जाड पट्टा, आणि निब पालथी केली की आणखी बारीक. जागेवर जाऊन वाड्यांची रेखाचित्रं काढायला याच्याइतकं कामाचं साधन मला अजून मिळालेलं नाही.

हे खरं पटलं ते विश्रामबागवाड्यापाशी. १८०७ चा हा वाडा. दर्शनी बाजूचं लाकूडकाम इतकं दाट की फाइनलायनरने (एकसारखी बारीक रेघ देणाऱ्या पेनने) एकेक नक्षी काढत बसलं तर सगळी जाळी होते, वाड्याचा भारदस्तपणा जातो. इथे मी आधी सज्जाखालची सावली आडव्या निबने सपासप ओढली, मधले पांढरे तुकडे तसेच सोडले. सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब त्या काळ्यातून आपोआप पुढे आले. नक्षी जेमतेम दोन-चार ठिकाणी, पालथ्या निबने. तेवढी पुरते!

शनिवारवाड्याला वेगळी चाल लागते. १८२८ च्या आगीत आतलं लाकडी बांधकाम गेलं, त्यामुळे काढायचे ते तट, बुरूज आणि दिल्ली दरवाजा. खरखरीत कागदावर हात झपाट्याने फिरवला की रेघ तुटक उमटते आणि दगडाला तीच शोभते. दरवाजावरचे अणकुचीदार खिळे मात्र सावकाश. मंडईत गर्दीमुळे टेकायला जागा मिळत नाही. तिथला अष्टकोनी मनोरा उभ्याउभ्याच काढावा लागतो.

शाईचं मात्र नीट बघा. वॉश, म्हणजे रेघांवर पाणीदार रंगाचा हात, द्यायचा असेल तर वॉटरप्रूफ पिग्मेंट शाईच भरा (हिच्यात रंगाचे न विरघळणारे कण असतात), साध्या डाय शाईच्या (विरघळलेल्या रंगाच्या) रेघा पाणी लागताच पसरतात. (ओंकारेश्वराच्या देवळापाशी मुठेचा काठ मी मुद्दाम डाय शाईनेच काढते, फार सुंदर दिसतो.) पिग्मेंट शाई पेनात वाळली तर निघता निघत नाही. रोज थोडं तरी काढा, नाहीतर पेन धुऊन ठेवा.

तक्रारी आहेतच. पावसाळी हवेत जाड पट्टे लवकर वाळत नाहीत, टीपकागद जवळ लागतोच. माझ्या पेनची क्लिप दिवाळीपर्यंत ढिली झाली आणि विक्रेत्याने हात वर केले. डावखुऱ्यांनी आधी कुणाचं तरी पेन चालवून बघावं. आणि वही २०० जीएसएमच्या (कागदाचं दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आसपासची घ्या, पातळ कागदात शाई मागच्या पानावर उतरते.