अंतर चोख, वेळ मात्र ठोकून दिलेली

दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि विमानाचा वेळ सांगणारं हे ॲप बरेच महिने वापरतोय. त्यात काय काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा थेट तक्रारीवर येतो. नव्या अपडेटनंतर वेळेत मिनिटं दिसायला लागली आणि माझं डोकं फिरलं. आधी नुसतं ‘साडेसात तास’ यायचं, खपून जायचं. आता लंडन ते न्यूयॉर्क ७ तास २८ मिनिटं. न्यूयॉर्क ते लंडन? तेही ७ तास २८ मिनिटं!

अहो, अटलांटिकवर जेट स्ट्रीमचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. न्यूयॉर्कला जाताना तो समोरून येतो, परतताना मागून ढकलतो. वेळापत्रकात जायला आठ तासांच्या आसपास, यायला सातच्या. फेब्रुवारी २०२० मध्ये तर वादळी वाऱ्यामुळे एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून पाच तासांच्या आत लंडनला पोचलं होतं. ॲपचे आकडे उलटे सोडवून बघितले: अंतर भागिले ताशी ८०० किमी, वर चढ-उताराची ३० मिनिटं. झालं गणित! सरासरी बरोबर, म्हणजे जाणाऱ्यालाही चूक आणि येणाऱ्यालाही.

मदतकक्षाला लिहिलं. उत्तर आलं, ‘दाखवलेली वेळ अंदाजे आहे.’ अंदाजे आहे तर वरची २८ कशाला? पुन्हा लिहिलं, तर तेच उत्तर, स्वल्पविरामासकट.

मग चिडून अंतराचीही झडती घेतली. तिथे मात्र ॲप निर्दोष सुटलं. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरून अक्षांश-रेखांशांवरून स्वतः हिशेब केला, लंडन–न्यूयॉर्क ५,५७० च्या घरातच आलं. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्यामुळे या पद्धतीत फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो, तेवढा माफ. नकाशावरची रेघही झकास. लंडन ते लॉस एंजेलिस काढून बघा, ग्रीनलंडवरून जाते. सपाट नकाशात उगाच वळसा वाटतो, पण पृथ्वीगोलावर दोरा ताणला की जवळची वाट तीच निघते. एवढ्यासाठी तरी ॲप ठेवावं, असं वाटायला लागलं होतं.

पण विमानं दोऱ्यावरून थोडीच जातात! हेलसिंकी–टोकियो बघा. २०२२ मध्ये रशियाचं आकाश फिनलंडच्या विमानांना बंद झालं, ती लांबून वळसा घालायला लागली आणि साडेनऊ तासांचा प्रवास तेरावर गेला. ॲप म्हणतं १० तास १६ मिनिटं. धड तेव्हाचं नाही, धड आताचं नाही.

पुढचं विमान पकडायचं असेल तर विमानकंपनीचं वेळापत्रकच बघा. त्यात एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंतचा वेळ असतो, धावपट्टीआधीची रखडपट्टीही धरलेली असते, आणि ते फुकट आहे.

वार्षिक वर्गणीच्या जाहिरातीत ‘अधिक अचूक वेळ’ असं लिहिलंय. पैसे भरायच्या आधी चाचणीची मुदत वापरून बघितली. आता सेकंदही दिसतात: ७ तास २७ मिनिटं ४५ सेकंद. दोन्ही दिशांना.