गंजलेला पत्रा: ठिगळ वेल्ड करायचं, चिकटवायचं की अख्खं पॅनेल बदलायचं?

मागच्या चाकाच्या कमानीवर करंगळीच्या नखाएवढा फुगा आला होता. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवून जरा दाबलं, तर ते भिजलेल्या पुठ्ठ्यात शिरावं तसं आत गेलं. रंग खरवडत गेलो आणि नखाएवढा फुगा बघता बघता तळहाताएवढा झाला. कडेचा पत्रा वरून धड दिसत होता, पण टिचकी मारली की खणखणीत वाजायच्या ऐवजी बद्द वाजायचा. तो आतून खाल्ला गेला होता.

जुन्या गाडीवरचा गंज दोन प्रकारचा असतो आणि सगळा निर्णय त्यावर ठरतो. खडा उडून रंग टवकला आणि तिथे गंज धरला, तर तो बाहेरून आत जातो. वेळेवर हात घातला तर घासून, गंजरोधक लावून, प्रायमर मारून भागतं. दुसरा आतून बाहेर येतो. दाराखालच्या पेटीत किंवा चाकाच्या कमानीच्या दोन पत्र्यांमध्ये चिखल साठतो, ओल टिकते आणि पत्रा मागून सडत येतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंग वर उचलतो. फुगा दिसतो तेव्हा आतलं काम बरंच उरकलेलं असतं. हा दुसरा प्रकार असेल तर घासणं-रंगवणं म्हणजे निव्वळ दिवस ढकलणं आहे. सडलेलं कापून काढायचं आणि तिथे काहीतरी बसवायचं. काय बसवायचं, एवढाच प्रश्न उरतो.

कापण्याआधी गाडीभर लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे आधीच्या मालकाने पुट्टी भरलेली आहे, असं समजून चला.

पुट्टी आणि फायबर

भोकावर फायबरची जाळी, वर रेझिन, त्यावर पुट्टी, घासून रंग. एका दिवसात गाडी नवी दिसते, ठिणगी उडत नाही, मशीन लागत नाही. पण रेझिनची पकड स्वच्छ पत्र्यावर असते, गंजावर नसते. उन्हात पत्रा आणि फायबर सारख्या प्रमाणात पसरत नाहीत, त्यामुळे कडेला केसाएवढी चीर पडते. पुट्टी मुळात तालकाची भुकटी घातलेलं रेझिन आहे. तिला मागून ओल मिळाली की ती पाणी धरून ठेवते. पुट्टी वाईट नाही. वेल्डिंगनंतरची उंचसखल बाजू सारखी करायला तीच लागते, फक्त दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको. भोक बुजवायला ती वापरणं म्हणजे दातातल्या किडीवर पांढरा रंग देणं. गाडी वर्षभरात मोडीतच काढायची असेल आणि गंज नुसत्या बाहेरच्या कातडीत असेल, तर मी याला नाही म्हणणार नाही. सिल (दाराखालची पेटी), तळपत्रा किंवा सस्पेन्शनच्या आसपास हे केलेलं दिसलं तर ती गाडी विकत घेऊ नका.

रिव्हेट आणि चिकटवलेलं ठिगळ

रिव्हेटचं पटकन उरकतो. दोन पत्रे एकमेकांवर चढवून मधे मधे दाबलेले असतात, बाकीची फट उघडी राहते आणि पाणी तिथेच बसतं. सामान वाहायच्या जुन्या ट्रॉलीला ठीक आहे.

चिकटवलेलं ठिगळ मात्र गंभीरपणे घेण्यासारखं आहे. दोन भागांच्या, पॅनेलसाठीच्या इपॉक्सी गोंदाची पकड जबरदस्त असते. गाड्यांचे कारखानेसुद्धा स्पॉट वेल्डच्या (ठिपक्या-ठिपक्यांनी केलेल्या जोडाच्या) जोडीला असा गोंद वापरतात. फायदा उष्णतेचा: ती नसतेच. पत्रा वळत नाही, मागचा रंग जळत नाही, सीटचा फोम पेटत नाही. शिवाय गोंदच फट भरतो, त्यामुळे सांध्यात ओल शिरायला जागा राहत नाही. मागची बाजू जपण्यात तो वेल्डिंगपेक्षा उजवा आहे.

अडचणी तीन. दोन्ही पत्रे गोंदाच्या पट्टीपुरते अगदी चकचकीत उघडे करावे लागतात आणि ठिगळ सुमारे एक इंच मूळ पत्र्यावर चढवावं लागतं. सपाट पॅनेलच्या मधोमध सांधा आला तर कडक उन्हात रंगातून त्याची रेघ दिसते, म्हणून तो पॅनेलच्या घडीजवळ किंवा कडेला न्यायचा. तिसरी सगळ्यात मोठी: गाडीचा भार पेलणाऱ्या भागावर, गाडी बनवणाऱ्याने तसं सांगितलेलं नसेल तर, नुसत्या गोंदावर विसंबू नये. पुढे कधी शेजारी वेल्ड करायची वेळ आली तर त्या उष्णतेने गोंद सुटतो, हेही ध्यानात ठेवा.

दाराची खालची कड, डिकीचं झाकण, चाकाच्या कमानीची बाहेरची कड अशा ठिकाणी, वेल्डिंगचा सराव नसलेल्या माणसाने गोंदच वापरावा, असं माझं मत आता झालं आहे. पाच वर्षांपूर्वी मी हे ऐकून हसलो असतो.

वेल्ड केलेलं ठिगळ

भार पेलणाऱ्या भागाला दुसरा पर्याय नाही. दाराखालची सिल, तळपत्रा, सीटबेल्टच्या बोल्टाची जागा, सस्पेन्शन जिथे अंगाला जोडतं ती जागा. इथे सडलेलं कापायचं, स्वच्छ पत्रा लागेपर्यंत कापायचं, आणि तितक्याच जाडीचा नवा पत्रा जोडायचा. "स्वच्छ" म्हणजे ग्राइंडर लावल्यावर दोन्ही बाजूंनी चमकणारा, खड्डे नसलेला. कापायला माणसाचा हात धजत नाही, म्हणून ठिगळ लहान राहतं, आणि वेल्डचा टाका पातळ झालेल्या पत्र्यावर पडून भोक आणखी मोठं होतं. ही चूक मी केली आहे. एका भोकाच्या कडेला टाके घालत घालत चार इंच सरकलो, तेव्हा कुठे पत्र्याने टाका धरला.

कोणतं वेल्डिंग? बाहेरचा पत्रा साधारण ०.७ ते १ मिलिमीटर जाड असतो. त्यावर साधं रॉडचं आर्क वेल्डिंग चालत नाही, भोकं पडतात. वर्कशॉपमध्ये ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात ते, म्हणजे मिग (यात तार आपोआप पुढे सरकत वितळते), बहुतेकांसाठी योग्य. तार ०.६ मिलिमीटरची घ्या. गॅस आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण असेल तर ठिणग्या कमी आणि पातळ पत्रा सांभाळायला सोपं. नुसत्या कार्बन डायऑक्साइडवरही काम होतं, फक्त शिंतोडे जास्त आणि टाका जास्त खोल जातो. गॅस न लागणारी तार पातळ पत्र्यावर फार गरम पडते. मिगचा दोष एकच, त्याचा टाका कडक असतो. हातोडी आणि डॉलीने (मागून धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) ठोकून सारखा करताना त्रास देतो.

टिगचा (टंगस्टनच्या टोकाने केलेल्या वेल्डिंगचा) टाका मऊ, देखणा, ठोकला की बसतो. पण त्याला पत्रा अगदी स्वच्छ लागतो. गंजाचा कण किंवा जस्ताचा लेप राहिला की तो थुंकतो. जुन्या गाडीच्या पोटाखाली उताणं पडून टिग करणारे लोक आहेत, मी त्यांच्यातला नाही. जुने डेंटर ऑक्सिअॅसिटिलीनच्या ज्योतीवर जोडायचे. तो सांधाही मऊ होतो, पण उष्णता इतकी पसरते की सपाट दाराला झोळ पडलाच समजा. ज्याच्या हातात ती कला आहे त्याने खुशाल करावं.

झोळ कसा पडतो ते समजून घ्या, कारण बिघडलेली बहुतेक कामं इथेच बिघडतात. वेल्ड थंड होताना आक्रसतं आणि आजूबाजूचा पत्रा आपल्याकडे ओढतं. गोलाई असलेला पत्रा हा ओढा सोसतो, सपाट पत्रा सोसत नाही. म्हणून एका दमात रेघ मारायची नाही. एक टाका इथे, पुढचा समोरच्या कडेला, मग तिसऱ्या बाजूला, आणि जागेला हात लावता येईल इतकी ती निवली की परत. ठिगळाचे कोपरे गोल कापायचे. टोकदार कोपऱ्यावर उष्णता साठते. घाई करणाऱ्याचं दार लाटेसारखं होतं आणि मग तो त्यावर पुट्टी ओततो.

टोकाला टोक की एकावर एक?

टोकाला टोक म्हणजे ठिगळ भोकाच्या मापाचं कापून कडेला कड भिडवायची, मधे पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी फट. मागून एकच थर दिसतो, पाणी अडकायला जागा नाही, टाका ठोकता येतो. पण माप बरोबर यावं लागतं आणि फट मोठी झाली की भोक पडतं. एकावर एक ठेवणं सोपं: ठिगळ मोठं कापा, मागून किंवा पुढून चढवा, वेल्ड करा. काही जण कडेला पायरी पाडणारं अवजार वापरतात, त्याने समोरून सपाट दिसतं. मागे मात्र दोन पत्र्यांच्या मधे बोटभर रुंदीची फट राहते आणि तिथे पाणी आपसूक ओढलं जातं.

मी त्या कमानीवर पहिल्यांदा पायरी पाडून एकावर एक बसवलं होतं. समोरून काम असं झालं की शेजाऱ्याला दाखवलं. अडीच वर्षांनी फुगे आले, आणि गंमत म्हणजे एका सरळ रेषेत, बरोबर त्या जोडावर. कापून पाहिलं तर माझा नवा पत्राच मागून तपकिरी झाला होता. नवं ठिगळ मीच आतून सडवलं होतं.

बाहेरच्या कातडीला टोकाला टोक, आणि पेटीच्या जुन्या स्पॉट वेल्डच्या पट्टीवर, जिथे कारखान्यातही एकावर एकच असतं, तिथे वरच्या पत्र्याला पाच-सहा मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डने भरायची. या दुसऱ्या जागी दोन्ही पत्र्यांच्या भिडणाऱ्या बाजूंना वेल्ड सोसणारा जस्ताचा प्रायमर आधी मारायचा.

ठिगळ की अख्खं पॅनेल?

बोल्टवर बसणारं पॅनेल असेल (पुढचं मडगार्ड, दार, बॉनेट) आणि धड जुनं मिळत असेल, तर ठिगळाचा विचारच करू नका. चार बोल्ट काढा, चार लावा.

मागचा पाखा, म्हणजे मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा, अंगालाच वेल्ड केलेला असतो. तो बदलायचा म्हणजे कित्येक स्पॉट वेल्ड ड्रिलने काढायचे, काचा उतरवायच्या, छताजवळचा सांधा उघडायचा. गंज खालच्या हातभर भागात असेल तर तेवढ्यापुरतं तयार मिळणारं अर्धं पॅनेल आणून मधे जोडणं पुष्कळ शहाणपणाचं. मात्र तयार पॅनेल जुनं कापायच्या आधी गाडीला लावून बघा. घड्या जुळत नाहीत, कड अर्धा इंच आखूड असते, असं होतं. साध्या वळणाचं ठिगळ हाताने वळवलेलं बरं. दोन दिशांनी वळणारी कमान असेल तर तयार घ्या.

सिलच्या बाबतीत एक धोका आहे. ती गाडीचा कणा आहे. दोन्ही बाजूंच्या सिल एकदम कापल्या किंवा गाडी चुकीच्या ठिकाणी जॅकवर असताना कापली, तर अंग खचतं आणि दार पुन्हा कधी नीट लागत नाही. आधी दाराच्या फटी मोजून लिहून ठेवा, दाराच्या चौकटीत आडवा दांडा टाक्याने अडकवा, एका वेळी एकच बाजू घ्या, प्रत्येक टप्प्याला दार लावून बघा.

मागची बाजू

पोलाद सुमारे १५०० अंशाला वितळतं, जस्त ९०७ अंशाला उकळतं. म्हणजे जस्तलेपित पत्र्यावर वेल्ड केलं की टाक्याच्या दोन्ही बाजूंचं जस्त उडून जातं. पोर्शने १९७६च्या मॉडेलपासून ९११चं अंग जस्तलेपित पत्र्याचं केलं, पण त्यावर आपण मारलेल्या टाक्याची मागची बाजू इतर कुठल्याही गाडीइतकीच उघडी पडते. साध्या पत्र्यावर मागचा रंग जळतो. दोन्हीकडे फळ तेच: गाडीतली सर्वांत उघडी जागा म्हणजे तुमच्या नव्या ठिगळाची मागची पट्टी.

म्हणून हात पोचत असेल तर घासून इपॉक्सी प्रायमर आणि सांध्यावर सीलंट. हात पोचत नसेल, पेटी बंद असेल, तर बाहेरचा रंग पूर्ण वाळल्यावर लांब नळीने आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) फवारायचं. ते आधी मारलं तर वेल्डिंगला पेटतं आणि रंगाला धरू देत नाही. खाली पाणी निघायची भोकं असतात ती बुजवू नका. त्यांतून वॅक्स ठिबकायला लागलं म्हणजे आत पोचलं.

घरी करणार असाल तर बॅटरी काढा, सतरंजी-फोम-आवाजरोधक थर दूर करा, पेट्रोलची नळी कुठून जाते ते पाहा, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नका. जस्ताच्या धुराने रात्री ताप भरतो, मास्क आणि वारा हवा. पत्रा पुसायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर कधीही वापरू नका. वेल्डच्या उजेडात आणि उष्णतेत त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

काम बाहेर देणार असाल तर सौदा रंगाच्या शेडवर करू नका. सांधा टोकाला टोक असणार की चढवून, ते विचारा. पुट्टी चढायच्या आधी उघड्या वेल्डचे फोटो मागा, समोरून आणि मागून. कापलेले तुकडे फेकू नका म्हणून सांगा. त्यांच्या कडा चारही बाजूंनी स्वच्छ असतील तर पुरेसं कापलं आहे. कडेलाच गंज असेल, तर उरलेला अजून गाडीत आहे.