क्लबफूटवाल्या बाळांच्या आईवडिलांनी वाचा, "विना प्लास्टर" बुटांच्या नावाखाली ३८,५०० गेले

माझ्या मुलाचे दोन्ही पाय जन्मतःच आत वळलेले. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी नीट सांगितलेलं, दर आठवड्याला मांडीपर्यंत प्लास्टर, साधारण पाच-सहा वेळा, मग टाचेमागची शीर (रक्ताची नाही, स्नायूची दोरी) छोट्याशा छेदातून कापायची, मग बूट. पॉन्सेटी पद्धत म्हणतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे सगळं फुकट होतं, फुकट!

पहिलं प्लास्टर झालं, बाळ रात्रभर रडलं आणि घरात सगळे माझ्यावरच, ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून असं झालं. अशात ओळखीतून एकजण आला, म्हणाला ताई तुमची काही चूक नाही, २१ दिवसांत पाय सरळ, ना प्लास्टर ना ऑपरेशन. तुमची चूक नाही असं मला तोवर एकानेही म्हटलं नव्हतं, त्यामुळे शिकलेली असून कशी फसलीस हे मला विचारूच नका.

रजिस्ट्रेशन ४,५००, "मॅग्नेटिक" बूट २२,०००, तेल आणि सिटिंग १२,०००. पावती मागितली तर म्हणे जीएसटी लागेल. पावती नाही तर पैसे नाही, एवढं तरी करा.

आणि बूट घालताना बाळाची टाच खाली टेकतच नव्हती हो! मागे बोटभर पोकळी, मला दिसत होती, मी म्हटलंसुद्धा, दादा टाच वर राहतेय. त्याने तिथे कापसाचा बोळा कोंबला आणि पट्टा अजून एक भोक आवळला. तेव्हाच बाळाला उचलून निघायला हवं होतं. बुटाने पाय सरळ होत नसतो, प्लास्टरने सरळ झालेला पाय परत वळू नये म्हणून बूट असतात, टाच बसत नाही म्हणजे पाय अजून सुधारलेलाच नाही. घोट्यावर फोड आले तर म्हणे मॅग्नेट काम करतंय. मग फोन बंद.

पोलीस म्हणतात पैसे तुम्हीच दिलेत ना, आरोग्य खात्याकडे जा. आरोग्य खातं म्हणतं तो डॉक्टरच नाही, आमच्यात येत नाही, पोलिसांकडे जा. म्हणजे डिग्री नसली की कोणीच हात लावणार नाही? अर्ज घेतला, पोच नाही, साहेब मीटिंगला, आणि एकजण तोंडावर म्हणाला, मूल तर ठीक आहे ना. ठीक नाहीये, प्लास्टर पहिल्यापासून सुरू करावं लागलंय.

खरे बूट तीन महिने दिवसाचे २३ तास आणि पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना घालावे लागतात, त्यामुळे २१ दिवस म्हणणाऱ्याला दारातूनच हाकला. कुठे जायचं कळत नसेल तर गावातल्या आशाताईंना विचारा.