फॅन गन, लान्स की बर्फाचा कारखाना: औलीसारख्या उतारावर पैसा आधी कुठे घालावा

कृत्रिम बर्फाची यंत्रणा घ्यायची ठरली की पहिला प्रश्न हमखास येतो, "गन कुठली घ्यायची?" (गन म्हणजे थंड हवेत पाण्याचा फवारा उडवून बर्फ करणारं यंत्र. फॅन गनमध्ये पंखा फवारा लांब फेकतो, लान्समध्ये तो उंच नळीच्या टोकावरून सुटतो.) खरं तर हा तिसरा प्रश्न आहे. हंगामाआधी तुमच्या उतारावर बर्फ करण्याजोगे थंड तास किती मिळतात, हा पहिला. त्या तासांत गनच्या तोंडापर्यंत पाणी किती आणि किती दाबाने पोचतं, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरं हातात नसताना घेतलेली गन, कितीही नामांकित असली, तरी ऐन डिसेंबरात उभी राहते.

इथे डोळ्यांसमोर उतार ठेवला आहे तो उत्तराखंडातल्या औलीचा. उंची साधारण २,५०० ते ३,०५० मीटर, वरच्या अंगाला कृत्रिम तलाव, २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या निमित्ताने बसवलेली बर्फयंत्रणा आणि खाली जोशीमठ. नैसर्गिक बर्फावर विसंबण्याचे दिवस हिमालयातही सरत आले आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलमर्गसारख्या ठिकाणी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्या मार्चमध्ये झाल्या.

आधी थंड तास मोजा

गनमधून बर्फ पडेल की नाही हे साध्या तापमापीवर ठरत नाही, ते वेट बल्ब तापमानावर, म्हणजे हवेचा कोरडेपणाही हिशोबात धरणाऱ्या तापमानावर ठरतं. विदर्भातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. नागपुरात मे महिन्यात कूलर खोली गार करतो, तोच कूलर मुंबईत नुसता दमटपणा वाढवतो. गनमधून उडालेल्या थेंबाचंही तेच होतं. हवा कोरडी असेल तर थेंबाचा थोडा भाग वाफ होऊन जातो आणि उरलेल्याला गोठवतो. म्हणून अधिक १ अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रता असताना वेट बल्ब उणे ३.३ च्या आसपास येतो आणि फॅन गन चालू करता येते. उणे १ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना मात्र तो उणे १.५ वरच अडतो आणि गनमधून निव्वळ पाणी पडतं.

उंचीचा इथे फायदाच आहे. २,७०० मीटरवर हवेचा दाब कमी, बाष्पीभवन जास्त. शून्य अंश आणि ३० टक्के आर्द्रतेला समुद्रसपाटीवर वेट बल्ब उणे ४ च्या जवळ असतो, औलीच्या उंचीवर तो जवळपास उणे ५ येतो. आल्प्समधल्या पुरवठादाराचे तक्ते जसेच्या तसे वापरू नयेत, त्याचं हे एक कारण.

हवामान केंद्र एकच नको. पायथ्याला, मध्यावर आणि माथ्यावर अशी तीन हवीत. निरभ्र रात्री थंड हवा उतरून खाली साचते आणि पुष्कळदा पायथा माथ्यापेक्षा गार असतो. निदान एका हिवाळ्याच्या तासागणिक नोंदी असल्याशिवाय गनची संख्या ठरवू नका.

एका उताराचं पाणी

१,२०० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद धाव, म्हणजे स्कीइंगचा पट्टा, धरू. क्षेत्र ४.८ हेक्टर. त्यावर ४० सेंटिमीटर थर द्यायचा तर १९,२०० घनमीटर बर्फ लागेल. यंत्राच्या बर्फाची घनता घनमीटरला ४५० किलोच्या आसपास, म्हणजे ८,६४० घनमीटर पाणी. वाऱ्याने उडणारं आणि वाफ होणारं पाणी पाचवा हिस्सा धरलं की आकडा ११,००० घनमीटरच्या जवळ जातो, म्हणजे १ कोटी १० लाख लिटर. थंड तास १०० मिळाले तर तासाला ११० घनमीटर, सेकंदाला साधारण ३० लिटर. पंप, पाइप, वीज आणि गन हे सगळं या ३० लिटरवरून ठरतं. तास ५० च मिळाले तर हाच आकडा ६० लिटर होतो आणि सगळी यंत्रणा बदलते.

फॅन गन की लान्स

खरी निवड या दोघांतलीच आहे.

| | फॅन गन | लान्स |
|---|---|---|
| कुठे सुरू होते | वेट बल्ब उणे २.५ च्या आसपास | उणे ३.५ च्या आसपास, काही त्याआधी |
| वीज, एका नगामागे | २० ते ३० किलोवॉट | स्वतःचा कॉम्प्रेसर असल्यास ४ किलोवॉटच्या जवळपास |
| पाणी, मध्यम थंडीत | सेकंदाला ३ लिटरच्या आसपास | सेकंदाला १ लिटरच्या आसपास |
| वाऱ्यात | डोकं वळवून वाट काढता येते | बर्फ बाजूला वाहून जातो |
| हलवणं | चाकांवर किंवा ग्रूमरने (बर्फ सपाट करणाऱ्या वाहनाने) ओढून | बहुधा कायमची एका जागी |

वरच्या ३० लिटरसाठी दहा फॅन गन लागतील, नाहीतर तीस लान्स. दहा फॅन गनची वीज २५० किलोवॉट, तीस लान्सची १२० च्या घरात. नुसते हे आकडे पाहिले तर लान्स जिंकते. पण लान्सचं सगळं गणित थेंब हवेत किती वेळ राहतो यावर उभं आहे. आठ-दहा मीटर उंच नळीच्या टोकावरून थेंब खाली येतो तेवढ्या वेळात तो गोठला पाहिजे. फॅन गनचा पंखा थेंबाला ढकलून लांब फेकतो, म्हणून तिला काठावरच्या थंडीतही थोडं जास्त जमतं. आणि हिमालयात नोव्हेंबरचे तास बहुतेक काठावरचेच असतात.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. पायथा, नवशिक्यांची जागा आणि लिफ्टची दोन्ही टोकं, म्हणजे हंगाम सुरू होण्यासाठी जिथे बर्फ लागतोच, तिथे फॅन गन. धावेचा अरुंद, वाऱ्यापासून आडोशाचा मधला भाग लान्सवर सोडा. चार फॅन गन आणि अठरा लान्स अशी मिसळ दहा फॅन गनपेक्षा बरी पडते. एकाच प्रकारच्या सुट्या भागांची सोय म्हणून सगळं एकसारखं घेण्याचा मोह होतो. त्या सोयीची किंमत दर हिवाळ्यात वीज बिलात मोजावी लागते.

लान्स लावताना वाऱ्याची दिशा दिवसाची बघू नका. दिवसा डोंगरावर वारा वर चढतो, रात्री थंड हवा उतारावरून खाली वाहते आणि काम रात्रीच चालतं.

बिघाड दोघांचे वेगळे. लान्समध्ये दाबाखालच्या हवेतली ओल हा पहिला शत्रू. टोकाला हवा आणि पाणी मिसळून बर्फाचं बीज तयार करणारी बारीक छिद्रं असतात, ती बर्फानेच बुजतात आणि मग लान्स बर्फाऐवजी पाऊस पाडते. केंद्रीय कॉम्प्रेसर असेल तर आफ्टरकूलर (दाबलेली हवा गार करून तिच्यातली ओल काढणारा भाग) आणि हवेच्या वाहिनीत प्रत्येक खोलगट जागी निचऱ्याचा व्हॉल्व्ह हवाच. फॅन गनमध्ये नोझलच्या कड्याचा हीटर गेला की कड्यावर बर्फ चढतो, फवारा एका अंगाला झुकतो आणि गनपुढे बर्फाच्या भुशाऐवजी काचेसारखी लादी जमते.

बर्फ कोरडा पडतोय की ओला, हे गडद जॅकेटच्या बाहीवर कळतं. गनपासून पंधरा-वीस मीटरवर फवाऱ्यात हात धरा. कण आपटून उडाले तर पाणी वाढवता येईल. चिकटून राहिले पण बाही भिजली नाही तर प्रमाण योग्य. बाहीवर थेंबाचे डाग पडले तर पाणी लगेच कमी करा. स्वयंचलित गन हे स्वतः करते, पण तिच्या सेन्सरवर बर्फ चढला की ती चुकते. रात्री दर तासाला एक फेरी सुटत नाही.

पडलेला ढीग लगेच पसरू नका. कणाच्या आत पाणी शिल्लक असतं. एक-दोन दिवस ढीग तसाच राहू दिला की पाणी निचरतं आणि कण आतून गोठतात. घाईने पसरलेला बर्फ रात्रीत दगड होतो.

कारखाना आणि साठवण

कंटेनरमध्ये बसणारा, शीतयंत्रावर चालणारा बर्फाचा कारखाना अधिक १५ अंशांपर्यंतही बर्फ देतो. साधारण मोठ्या यंत्राची क्षमता दिवसाला २०० घनमीटरच्या आसपास, वीज २०० किलोवॉटच्या घरात. म्हणजे घनमीटरला २४ युनिट. चांगल्या थंडीत गन आणि पंप मिळून दोन-तीन युनिटांत तेवढाच बर्फ करतात. आपल्या १९,२०० घनमीटरला या यंत्राचे ९६ दिवस लागतील. धावेसाठी हा पर्याय सोडून द्या. पण ५० बाय २० मीटरची मुलांची शिकण्याची जागा अर्धा मीटर भरायला ५०० घनमीटर, म्हणजे अडीच दिवस पुरतात. तेवढ्यापुरता तो मोलाचा, आणि विकत घेण्यापेक्षा भाड्याने. त्सेरमाट आणि पिट्झटाल इथे निर्वात तंत्राची मोठी यंत्रं आहेत, ती हिमनदीवरच्या, लांब हंगामाच्या जागा आहेत, तो हिशोब वेगळा.

दाव्होसला आणि फिनलंडमध्ये उन्हाळाभर बर्फाचे ढीग लाकडाच्या भुशाखाली झाकून ठेवतात, ४० सेंटिमीटर भुसा असेल तर बहुतांश बर्फ टिकतो. औलीत मात्र जून ते सप्टेंबर मोसमी पाऊस आहे. भिजलेला भुसा उष्णता अडवत नाही. आम्ही यात पैसा घालणार नाही.

पाइप, पंप आणि तलाव

हाच तो भाग जिथे बजेटचा मोठा हिस्सा जायला हवा. उपसा सिंचनाची कामं केलेल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या अभियंत्याला यातलं निम्मं ओळखीचं वाटेल.

१५० मिलिमीटरच्या पाइपातून सेकंदाला २ मीटर वेगाने ३५ लिटर जातात. आजच्या ३० लिटरला हे पुरतं, पण जेमतेम. तोच प्रवाह २०० मिलिमीटरमधून नेला तर घर्षणाचा तोटा चौथ्या हिश्शावर येतो आणि पुढे गन वाढवायला जागा राहते. चर खणण्याचा खर्च दोन्हींचा जवळपास सारखाच. पाइप मोठाच टाका, गन पुढच्या वर्षी आणा.

तलाव माथ्याला असेल तर ते वरदान आहे. दर १०० मीटर उतारामागे सुमारे १० बार दाब फुकट मिळतो. २५० मीटर खालच्या गनला पंपाविना २५ बारच्या आसपास मिळतात आणि बूस्टर (दाब वाढवणारा पंप) फक्त वरच्या तिसऱ्या हिश्शाला लागतो. उलट तलाव पायथ्याला असेल तर ३० लिटर पाणी ४० बारने ढकलायला १६० किलोवॉटचा पंप लागेल. उंचीवर वातावरणाचा दाब कमी असल्याने पंपाची ओढही कमी पडते. समुद्रसपाटीला दाब १० मीटर पाण्याइतका, ३,००० मीटरवर ७ च. म्हणून पंप पाण्याच्या पातळीखालीच बसवा. मोटर आणि डिझेल जनित्रही इथे पाटीवरची पूर्ण ताकद देत नाहीत, निविदेत उंची लिहून तसा आकडा मागा.

तलावाचं अस्तर म्हणजे मोठं शेततळंच, फक्त खाली जिओटेक्स्टाइलचं जाड कापड आणि वर जाड एचडीपीई प्लास्टिक. तळाशी छिद्रांच्या नळ्या टाकून हवा सोडा. त्याने पृष्ठभाग गोठत नाही आणि पाणी ढवळून गार होतं, नाहीतर ४ अंशांचं जड पाणी तळाशी बसून राहतं आणि शोषण-नळी नेमकी तेच उचलते. पाणी १० अंशांऐवजी २ अंशांचं मिळालं तर काढून टाकायची उष्णता जवळपास दहा टक्क्यांनी घटते. गाळणी ठिबकसारखीच, २०० मायक्रॉनच्या आसपास आणि आपोआप धुणारी. शेवाळ नोझलमध्ये गेलं की ती रात्र गेली.

हायड्रंट, म्हणजे गन जोडायचा पाइपावरचा नळ, पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवा. आपोआप निचरा होणारा हायड्रंट अर्धवट ठेवला तर पाणी खड्ड्यात झिरपत राहतं. आणि तो बंद करताना सावकाश. २ मीटर वेगाचं पाणी एकदम अडवलं तर २० बारचा जादा धक्का बसतो, सांधे त्यानेच निसटतात.

उतार आणि वेळ

सगळ्यात स्वस्त बर्फयंत्र म्हणजे दगड वेचलेला, गवत धरलेला उतार. असा उतार २०-३० सेंटिमीटरवर उघडता येतो, खडकाळ उताराला ६०-७० लागतात. हा फरक म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी आणि वीज. पण औलीचा उतार बुग्याल, म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण आहे. बुलडोझरने वरची माती खरवडली तर ती पुन्हा धरायला खूप वर्षं जातात. दगड हाताने काढा, चरावरचं गवत मातीसकट चौकोनात कापून सावलीत ओलं ठेवा आणि त्याच आठवड्यात परत बसवा.

कामाला वेळ दोनच: बर्फ वितळल्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, आणि सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. चर पहिल्या टप्प्यात पूर्ण झाला नाही तर अर्धा उघडा ठेवू नका, बुजवा. उघडा चर पावसात ओढा होतो. तीव्र उतारावर चरात ठरावीक अंतराने चिकणमातीचे किंवा काँक्रीटचे आडवे बांध घाला, नाहीतर पाणी पाइपाच्या कडेने आतल्या आत वाहतं.

हे बांध आणि गळतीची नोंद यांवर औलीत तडजोड चालणार नाही. जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलं आहे, हे १९७६ च्या मिश्रा समितीने सांगितलं होतं, आणि जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या घरांना गेलेले तडे सगळ्यांनी पाहिले. त्या गावाच्या डोक्यावर लाखो लिटर पाणी दाबाखाली खेळवायचं आहे. ऑक्टोबरमध्ये पाइपातली हवा आधी पूर्ण काढा, मग कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाला दोन तास धरून चाचणी घ्या. पंपघरात एक प्रवाहमापक आणि प्रत्येक शाखेवर एक बसवा. पंपातून गेलेलं आणि शाखांत मोजलेलं पाणी जुळलं नाही तर पंप माणसाची वाट न पाहता थांबला पाहिजे, आणि माथ्यावरच्या तलावाची झडपही त्याच क्षणी मिटायला लागली पाहिजे, कारण तिथे पंप थांबला तरी पाणी स्वतःच्या वजनाने उतरतच राहतं. ही झडप सावकाश मिटणारी घ्या, आणि वीज गेल्यावर स्प्रिंगने किंवा वजनाने बंद होणारी.